जुना कृष्णधवल चित्रपट डिस्कवर आणताना: रिळापासून मास्टरपर्यंत

कृष्णधवल चित्रपटाच्या प्रत्येक फ्रेमवर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. काही चित्रीकरणाच्या दिवशीच उमटलेल्या: फिल्मचा ग्रेन (चांदीच्या कणांचा रवाळपणा), लेन्सच्या कडेची धूसरता, छायालेखकाने मुद्दाम राखलेला अंधार. काही नंतर साचलेल्या: धूळ, ओरखडे, बुरशी, तुटून पुन्हा जोडलेल्या रिळाचे सांधे. रिस्टोरेशनमध्ये नंतरच्या खुणा काढायच्या आणि मूळच्या खुणांना हात लावायचा नाही. पडद्यावर मात्र या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि सॉफ्टवेअरला त्यांतला फरक कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो. पुढे प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारत जाऊ: समोर दिसतंय ते कॅमेऱ्याने दिलेलं आहे की काळाने?

कामाचा आवाका आधीच ध्यानात घ्या. ९० मिनिटांचा बोलपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने १,२९,६०० फ्रेमचा होतो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात, म्हणजे ही ८,१०० फूट फिल्म झाली. एका शॉटवर घेतलेला चुकीचा निर्णय ‘सगळीकडे लावा’ म्हणून सोडून दिला, की तो लाखभर फ्रेमवर पसरतो.

पैसा आणि वेळ घालण्याआधी हक्कांचा निकाल लावा. रीळ ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे चित्रपटाचे हक्क असतातच असं नाही. संगीत, मूळ कथा आणि वितरण यांचे हक्क तीन वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात आणि हक्कांची मुदत देशागणिक बदलते. घरगुती डिस्कसाठीचे हक्क लेखी मिळाल्याशिवाय स्कॅनिंगची तारीख ठरवू नका.

स्रोत निवडणं: निम्मं काम इथेच होतं

कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून फाइन ग्रेन मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून डुप, म्हणजे नक्कल, निगेटिव्ह आणि तिच्यावरून चित्रपटगृहात गेलेल्या प्रिंट. प्रत्येक पिढीत बारीक तपशील थोडा पुसला जातो, कॉन्ट्रास्ट चढतो, ग्रेनवर ग्रेन बसतो. शिवाय आधीच्या पिढीवरची घाण पुढच्या पिढीत छायाचित्र होऊन उतरते. ती नुसती पुसून निघत नाही. म्हणून जितकं मागच्या पिढीत जाता येईल तितकं जा. प्रिंटवर महिनोन् महिने घासत बसण्यापेक्षा चांगल्या मास्टर पॉझिटिव्हच्या शोधात तेवढाच वेळ घालवलेला परवडतो.

घाण कोणत्या पिढीची आहे हे ओळखायला एक साधी खूण आहे. प्रिंटवर प्रत्यक्ष बसलेली धूळ प्रकाश अडवते, म्हणून पडद्यावर काळी दिसते. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रिंट काढताना प्रकाश अडवते, म्हणून प्रिंटमध्ये पांढरी उमटते. पांढरे ठिपके दिसले तर ते आत छापले गेलेले आहेत आणि धुऊन जाणार नाहीत. काळे असतील तर निदान काही तरी प्रत्यक्ष स्वच्छतेने निघतील.

सापडलेल्या प्रत्येक स्रोताची शॉटगणिक यादी करा: रीळ क्रमांक, लांबी, कडेला छापलेल्या खुणा, सांधे, गायब शॉट, डागांचं स्वरूप. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे सगळे निर्णय हिच्या आधाराने घ्यायचे असतात. मूळ निगेटिव्ह सर्वांत स्वच्छ असते, तरी ती सर्वांत पूर्ण असेलच असं नाही. पुनःप्रदर्शनाच्या वेळी चित्रपट कापला गेला असेल, तर कात्री बहुधा निगेटिव्हलाच लागलेली असते आणि पहिल्या प्रदर्शनातली एखादी जीर्ण प्रिंटच पूर्ण असते. कधी निगेटिव्हचा झिजलेला भाग काढून मध्येच डुपचा तुकडा बसवलेला सापडतो.

मूकपटांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. परदेशी वितरणासाठी बऱ्याचदा दुसऱ्या कॅमेऱ्याने शेजारून चित्रीकरण व्हायचं किंवा वेगळे टेक वापरून दुसरी निगेटिव्ह तयार व्हायची. त्यामुळे परदेशात सापडलेल्या प्रिंटमधला ‘तोच’ शॉट प्रत्यक्षात वेगळ्या कोनातला किंवा वेगळ्या अभिनयाचा निघतो. दोन्ही शेजारी ठेवून हालचाल जुळते का ते पाहिल्याशिवाय एकाचा तुकडा दुसऱ्यात बसवू नका.

शेवटी जे मिळेल त्यावरच भागवावं लागतं, आणि तेव्हा प्रामाणिकपणा कसा असतो याचं ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) हा जर्मन मूकपट चांगलं उदाहरण आहे. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची जवळजवळ पूर्ण प्रत उजेडात आली. ती १६ मिमीची डुप निगेटिव्ह होती आणि झिजलेल्या ३५ मिमी प्रिंटवरून काढलेली असल्याने त्या प्रिंटचे ओरखडे तिच्यात छापले गेले होते. २०१० च्या आवृत्तीत हे शॉट बाकीच्या चित्रपटापेक्षा उघड वेगळे दिसतात. ते घासून गुळगुळीत केले असते, तर ओरखड्यांसोबत चेहरेही गेले असते. मला तो निर्णय योग्य वाटतो.

रीळ टेबलावर आल्यावर

साधारण १९५१-५२ पर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटवरची असू शकते. नायट्रेट भडकून पेटतं आणि जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतं, म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. कडेवर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं छापलेलं असतं, पण ही अक्षरं आधीच्या पिढीवरून पुढच्या पिढीवर उतरूही शकतात. त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. शंका असेल तर रीळ उघडण्याचा, घरी ठेवण्याचा किंवा साध्या टपालाने पाठवण्याचा विचारही नको. नायट्रेट हाताळण्याची परवानगी आणि सोय असलेल्या अभिलेखागाराकडे किंवा प्रयोगशाळेकडेच ते द्यायचं.

त्यानंतरची सेफ्टी फिल्म ॲसिटेटची. ती नायट्रेटसारखी भडकून पेटत नाही, पण कुजते. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, की ती प्रक्रिया सुरू झालेली असते. ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या डब्यात ठेवल्या, तर त्या निळ्यापासून हिरव्या आणि मग पिवळ्या होत जातात. त्यांच्या मापावर १.५ ही पातळी महत्त्वाची, कारण तिथून पुढे कुजण्याची क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते. अशी रिळं आधी स्कॅनला लावा आणि बाकीच्या साठ्यापासून वेगळी ठेवा.

फिल्म आक्रसलेली किती आहे हे मोजून घ्या. आक्रस १ टक्क्याच्या पुढे गेला, की दात्यांवर चालणारी यंत्रं छिद्रं फाडू शकतात. अशा वेळी रोलर्सवर फिल्म वाहून नेणारा, दाते नसलेला स्कॅनरच हवा. नंतर फाटलेली छिद्रं आणि सुटलेले सांधे दुरुस्त करा, जुन्या चिकटपट्टीचा डिंक काढा, चिकट रोलर्सनी मोकळी धूळ उचला. त्यानंतरच अल्ट्रासॉनिक धुण्याचा विचार करायचा. बुरशी लागलेल्या फिल्मला पाणी दाखवू नका. बुरशी जिलेटिन खाते आणि उरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं नाजूक होतं. पाण्याचा हात फिरला की त्याच्यासोबत प्रतिमाच वाहून जाते.

प्रत्यक्ष दुरुस्तीची ताकद किती असते, हे सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्हनी दाखवलं. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्या होरपळल्या. अमेरिकेतल्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हने ते जळके अवशेष टाकून दिले नाहीत. पुढे बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत ठिसूळ फिल्मला पुन्हा लवचीकपणा दिला गेला, छिद्रं नव्याने बांधली गेली, वितळलेल्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या गेल्या. जे हाती लागण्यापलीकडे जळलं होतं, ते फाइन ग्रेन मास्टर आणि डुप निगेटिव्हमधून घेतलं. २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट ४के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीच्या) रूपात आले. जळालेली निगेटिव्हसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीपेक्षा जास्त सांगू शकते, हे त्यातून घ्यायचं.

स्कॅनिंग

रंगीत फिल्मवर चालणाऱ्या काही सोयी इथे चालत नाहीत. रंगीत फिल्मचे रंजक अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतात, म्हणून त्या प्रकाशात फक्त धूळ आणि ओरखडे दिसतात आणि यंत्र ते आपोआप टिपतं. कृष्णधवल फिल्मची प्रतिमा प्रत्यक्ष चांदीची असते आणि चांदी अवरक्त प्रकाशही अडवते. यंत्राला सगळी प्रतिमाच धूळ वाटते. ही सोय बंद ठेवायला स्कॅनिंग करणाऱ्याला स्पष्ट सांगा.

चांदी प्रकाश विखुरतेही. एका दिशेने येणाऱ्या टोकदार प्रकाशात कॉन्ट्रास्ट वाढतो आणि ओरखडे उठून दिसतात. याला कॅलियर परिणाम म्हणतात. म्हणून पसरट, विसरित प्रकाश देणारा स्कॅनर निवडा. पाठीमागच्या बाजूला, म्हणजे बेसवर, बरेच ओरखडे असतील तर वेट-गेट मागा. त्यात फिल्मइतकाच अपवर्तनांक असलेला द्रव ओरखड्याच्या चरीत भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. इमल्शन, म्हणजे प्रतिमेचा थर, खरवडून चांदीच निघून गेली असेल तिथे मात्र वेट-गेटचा उपयोग नाही.

निगेटिव्ह किंवा मास्टर पॉझिटिव्ह असेल तर ४के. डिस्क १०८० ओळींची असली तरी हरकत नाही. ग्रेन पुरेशा तपशिलात टिपला गेला, तरच तो नंतर लहान आकारात नैसर्गिक दिसतो. कमी रिझोल्यूशनला तो खडबडीत गाठींसारखा होतो आणि लोक त्यालाच ‘जुन्या फिल्मचा दोष’ समजून पुसायला जातात. स्कॅन पूर्ण चौकटीचा घ्या, छिद्रांच्या कडा दिसतील इतका. ती छिद्रं पुढे प्रतिमा स्थिर करायला उपयोगी पडतात. बिटची खोली, म्हणजे छटांची बारीकी, १६ बिट, किंवा निदान १० बिट लॉग. प्रिंटमधल्या गडद सावल्यांसाठी एकाच फ्रेमचे दोन-तीन वेगवेगळे एक्सपोजर घेऊन एकत्र करणारा स्कॅनर मिळाला तर उत्तम. यंत्रातलं शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बंद. एक्सपोजर रिळामागे एकदाच ठरवायचं. शॉटगणिक आपोआप बदलू दिलं, तर ग्रेडिंगला, म्हणजे उजेड आणि छटा बसवण्याच्या कामाला, पायाच उरत नाही.

साठवणुकीचा हिशेब आधीच करा. ४०९६ × ३११२ ची १० बिट आरजीबी (लाल-हिरवा-निळा) डीपीएक्स (एका फ्रेमची एक फाइल) फ्रेम सुमारे ५१ एमबीची होते. ९० मिनिटांचे साधारण ६.६ टीबी झाले, तेही एकाच स्रोताचे. शुद्ध कृष्णधवल फिल्म एकाच चॅनलमध्ये १६ बिटला ठेवली तर जागा निम्मी लागते. रंगछटा दिलेली मूक प्रिंट मात्र आरजीबीतच स्कॅन करा. फाइली हातात येताच चेकसम (फाइल बदलली नाही हे तपासायचा आकडा) काढा आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी पाठवा, मगच कामाला हात घाला.

जुळवणी आणि वेग

आता यादीनुसार सर्वोत्तम शॉट एकामागून एक लावायचे. बोलपटात एक गोष्ट विसरायची नाही: ३५ मिमी प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. प्रिंट तुटून चार फ्रेम गेल्या, तर चित्र एका जागी गायब होतं आणि आवाज दुसऱ्याच जागी. दोन्ही भोकं वेगवेगळी शोधून दुसऱ्या स्रोतातून भरायची. एखादी फ्रेम कुठेच नसेल तर शेजारच्या फ्रेमवरून ती तयार करता येते. मोठं भोक असेल तर लांबी राखून काळा पडदा किंवा स्थिर फ्रेम ठेवा आणि तशी नोंद करा.

मूकपटांचा वेग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय. कॅमेरा हाताने फिरवला जायचा. वेग साधारण १६ पासून २४ पर्यंत कुठेही असतो, कधी एकाच चित्रपटात बदलतो, आणि काही विनोदी पाठलाग मुद्दाम संथ चित्रित करून जलद दाखवले जायचे. चालणं, घोड्याची दौड, पडणारं पाणी आणि त्या काळच्या प्रोजेक्शनच्या सूचना किंवा संगीताच्या यादी, हे सगळं मिळून वेग ठरवा. डिस्क २४ फ्रेमची असल्यामुळे काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात: १८ च्या वेगाला प्रत्येक तिसरी, २० च्या वेगाला प्रत्येक पाचवी. दोन फ्रेम एकमेकींत मिसळून मधली फ्रेम बनवू नका. प्रत्येक हालचालीमागे भुतासारखी सावली येते.

मूकपटाच्या निगेटिव्हमध्ये पाट्या कधी एक-दोन फ्रेमच्याच असतात. प्रिंट काढताना त्या लांबवल्या जायच्या. अशी पाटी सापडली तर तिचीच फ्रेम धरून वाचता येईल इतकी लांबवा. संगणकावरच्या नव्या अक्षरात पाटी फक्त तेव्हाच करा, जेव्हा मूळ पाटी खरोखरच हरवली आहे, आणि ती नवी असल्याचं प्रेक्षकाला कळू द्या.

स्थिर करणं, लुकलुक घालवणं

धूळ काढण्याआधी हे दोन्ही उरका. धूळ शोधणारं सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमशी तुलना करतं. फ्रेम हलत असेल किंवा उजेड वरखाली होत असेल, तर त्याची तुलना फसते.

प्रतिमा छिद्रांच्या आधाराने स्थिर करा, चित्रातल्या वस्तूंच्या आधाराने नको. नाहीतर कॅमेरा हलका पॅन होत असताना तुमचं सॉफ्टवेअर त्याला रोखून धरेल. छिद्रं फाटलेली असतील किंवा हलणं आधीच्या पिढीत छापलं गेलं असेल, तर चित्राचा आधार घ्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक शॉट डोळ्यांनी बघा. निगेटिव्हच्या सांध्यावर, म्हणजे प्रत्येक कटच्या आधी-नंतर, चित्र उसळतं. ते तेवढ्या दोन-तीन फ्रेमपुरतं हाताने बसवा.

लुकलुक कमी करतानाही हात आखडता ठेवा. मेणबत्ती, शेकोटी, वीज, धावत्या गाडीच्या खिडकीतला उजेड हे प्रसंगाचेच भाग आहेत.

धूळ, ओरखडे आणि सॉफ्टवेअरची भूक

सर्वांत जास्त तास इथे जातात आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. डायमंट, फीनिक्स, पीएफक्लीन, एमटीआय यांसारखी खास साधनं आहेत. दा विंची रिझॉल्व्हमध्येही धूळ काढायची सोय आहे आणि लहान प्रकल्पाला ती पुरू शकते. सगळ्यांचं मूळ तत्त्व एकच: जे मागच्या फ्रेममध्ये नव्हतं आणि पुढच्या फ्रेममध्येही नाही, ती घाण.

या व्याख्येत घाणीशिवाय काय काय बसतं ते पाहा. पाऊस. बर्फ. ठिणग्या, कारंज्याचे थेंब, उडणारे पक्षी, ढोलावर आपटणारी काठी, पापणीची उघडझाप, दागिन्यावरची एका क्षणाची चमक. स्वयंचलित पास जोरात लावला, की पावसाच्या प्रसंगातला पाऊस थांबतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण फ्रेम ‘स्वच्छ’ दिसते.

यावर माझा भरवसा असलेली एकच तपासणी आहे. कच्च्या आणि साफ केलेल्या फ्रेमची वजाबाकी करून उरलेलं चित्र उजळून बघायचं. त्यात फक्त विखुरलेले ठिपके आणि रेघा दिसल्या तर ठीक. चेहऱ्याची कड, बोटांची बाह्यरेषा किंवा पानांचा आकार दिसला, तर सॉफ्टवेअर चित्रपट खात आहे. सेटिंग खाली आणा किंवा तो भाग मास्क करून वगळा. प्रत्येक शॉटचं हे वजाबाकीचं चित्र पाहिल्याशिवाय तो शॉट पूर्ण झाला असं धरू नका.

क्रम साधारण असा ठेवा: आधी अगदी सौम्य स्वयंचलित पास, वेगवान हालचालीचे आणि पावसा-पाण्याचे शॉट वगळून. मग हाताने, मोठ्या डागांपासून सुरुवात करून. हाताने भरताना शेजारच्या फ्रेममधला तोच भाग आणायचा, त्याच्या ग्रेनसकट. ब्रशने रंग फासला तर तो तुकडा स्थिर दिसतो आणि भोवतीचा ग्रेन हलत राहतो. डोळा नेमका तिथेच अडतो. बराच वेळ एकाच जागी राहणाऱ्या उभ्या रेघांना शेजारच्या फ्रेमची मदत होत नाही, कारण त्यांच्यातही तीच रेघ असते. तिथे रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून भरावं लागतं. रेघ चेहऱ्यावरून जात असेल तर पूर्ण पुसण्यापेक्षा ती फिकी करून सोडणं बरं. फिकी रेघ प्रेक्षक विसरतो, विकृत झालेला डोळा विसरत नाही.

आता सोडून द्यायच्या गोष्टी. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकलेला केस चित्रीकरणाच्या वेळचा आहे, तो राहू द्या. माइकची सावली, दिसणारी तार, चुकलेला फोकस, ट्रिक शॉटच्या कडा, हे सगळं त्या चित्रपटाचं आहे. रीळ बदलण्याच्या इशाऱ्याचे उजव्या वरच्या कोपऱ्यातले गोल ठिपके मात्र प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी होते. घरी बघणाऱ्याला त्यांचं काम नाही, ते काढावेत असं माझं मत आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ‘ठळक’ करणाऱ्या साधनांपासून दूर राहा. ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात: त्वचेवर रंध्रं येतात, केसांच्या बटा नव्याने विणल्या जातात, मागच्या गर्दीतले चेहरे वितळतात. कॅमेऱ्याच्या आणि काळाच्या खुणांत तिसऱ्याच खुणांची भर पडते आणि ती कुठे पडली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. नट-नट्यांचे खरे चेहरे बघायला लोक हा चित्रपट विकत घेतात.

ग्रेन

ग्रेन हा प्रतिमेवर बसलेला थर समजला जातो, आणि इथूनच बहुतेक वाईट डिस्क जन्मतात. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या कणांशिवाय दुसरं काहीच नसतं. भुवई, धुकं, रेशमाची चमक, सगळं त्याच कणांचं. ग्रेन पुसला की चेहरे मेणाचे होतात आणि मागच्या भिंतीचा पोत नाहीसा होतो.

दोन स्रोतांचे शॉट शेजारी आले आणि एकाचा ग्रेन फारच जाड असेल, तर त्याला हलकं शांत करणं मी मान्य करतो. पण डिझॉल्व्हच्या (एक दृश्य विरत दुसरं उमटतं त्या जागेच्या) आधी-नंतर अचानक वाढणाऱ्या ग्रेनला हात लावू नका. तो परिणाम प्रयोगशाळेत डुप काढून साधलेला असायचा, म्हणून तो तुकडा मुळातच एक पिढी पुढचा आहे. पहिल्या प्रेक्षकांनीही तो तसाच पाहिला होता.

ग्रेडिंग

रंग नाहीत म्हणून हे काम सोपं असतं असं वाटू शकतं. उलट इथे सगळा अर्थ करड्या छटांवरच तोललेला असतो. पहिल्या प्रदर्शनातली चांगली प्रिंट मिळाली तर तिला संदर्भ धरा. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो, आणि सावलीत दडलेलं सगळं उघड करण्याचा मोह होतो. पण छायालेखकाने प्रकाशयोजना प्रिंट डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. प्रिंटमध्ये काळा राहणारा कोपरा उजळला, तर सेटच्या भिंतीचा जोडही दिसू लागतो.

फिल्मचा प्रकारही समजून घ्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे आणि निळा फार उजळ दिसे. म्हणून आभाळ कोरं पांढरं आणि ओठ जवळजवळ काळे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि छटा बदलल्या. जुन्या चित्रपटातलं पांढरं आभाळ ‘सुधारायला’ जाऊ नका, तिथे ढग कधी उमटलेच नव्हते.

मूकपटांच्या बऱ्याच प्रिंटना रंगछटा दिलेल्या असत: दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर, आगीला लाल, रात्रीला निळी. रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित व्हायचे आणि निळ्या छटेनेच ती रात्र ठरायची. छटा काढून टाकली, तर दिवसाढवळ्या कंदील घेऊन फिरणारी माणसं दिसतात आणि कथाच कळत नाही. उरलेली रंगीत प्रिंट किंवा रिळाच्या सुरुवातीला लिहिलेल्या सूचना यांवरून छटा ठरवा आणि त्या स्वच्छ कृष्णधवल स्कॅनवर चढवा. उडालेल्या रंगाची प्रिंट जशीच्या तशी वापरायची नाही.

मॉनिटर डी६५ (दिवसाच्या उजेडाच्या प्रमाण) पांढऱ्यावर, गॅमा २.४ वर आणि पडद्याचा उजेड १०० निट ठेवून कॅलिब्रेट केलेला हवा आणि खोली अंधारी. छटा नसलेल्या चित्रपटात रंगाची संपृक्तता शून्य करून टाका, म्हणजे कुठेही हिरवट-जांभळट झाक उरणार नाही.

ध्वनी

ध्वनिपट्टी दोन प्रकारची: रुंदी कमी-जास्त होणारी आणि गडदपणा कमी-जास्त होणारी. दुसऱ्या प्रकारात फिल्मवरचा प्रत्येक डाग आणि फिकटपणा आवाजात उतरतो. ध्वनीची निगेटिव्ह मिळाली तर आनंदच, पण ती प्रिंट काढण्यासाठी घडवलेली असते. प्रिंट काढताना होणारा विपर्यास हिशेबात धरून तिचं एक्सपोजर ठरवलेलं असतं. ती थेट वाजवली तर ‘स’ आणि ‘श’ चरचरतात. थेट निगेटिव्हवरून घेताना ती भरपाई करू शकणारी यंत्रणाच वापरा.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला उतरवून घ्या. आधी सांध्यांचे ठोके आणि कडकड, मग विजेची गुणगुण, शेवटी खरखर. खरखर पूर्ण घालवू नका. ती गेली की संवादांमधल्या जागा पोकळ वाटतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. चित्राच्या वजाबाकीसारखीच तपासणी इथेही आहे: काढून टाकलेला आवाज वेगळा ऐका. त्यात शब्दांची शेपटं किंवा व्हायोलिन ऐकू आलं, तर फिल्टर सैल करा. १९३८ मध्ये प्रमाण ठरलेल्या अकॅडमी कर्व्हनुसार चित्रपटगृहं वरच्या पट्टीतला आवाज दाबत असत, आणि ते धरूनच ध्वनिमुद्रण होई. त्यामुळे कच्चा ट्रान्सफर कर्कश लागतो. वरची पट्टी हळूच उतरवा. एकाच स्पीकरसाठी केलेला ध्वनी एकाच वाहिनीचा राहू द्या.

डिस्कसाठी मास्टर

चौकटीत सर्वाधिक गोंधळ होतो. १९३२ पासूनची अकॅडमी चौकट १.३७ ची. ब्लू-रेवर ती १४८० × १०८० जागा घेते आणि दोन्ही बाजूंना २२० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. मूकपट १.३३ चे, तर १९२७ ते १९३२ मधल्या काही बोलपटांची चौकट ध्वनिपट्टीने जागा खाल्ल्यामुळे जवळजवळ चौरस. त्यांना १.३७ मध्ये कोंबलं की डोकी कापली जातात. १९५३ नंतरचे कृष्णधवल चित्रपट बऱ्याचदा रुंद पडद्यासाठी आखलेले असतात, पण निगेटिव्हवर वर-खाली जास्तीचं चित्र असतं. त्या वेळची प्रदर्शनाची कागदपत्रं आणि पाट्यांची मांडणी बघून ठरवा.

ब्लू-रेला १०८०पी, २४ किंवा २३.९७६ फ्रेम, ८ बिट, व्हिडिओसाठी कमाल ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). ग्रेनला बिट लागतात, म्हणून दोन थरांची ५० जीबीची डिस्क घ्या आणि पुरवण्या भरून मुख्य चित्रपट उपाशी ठेवू नका. कृष्णधवलचा फायदा असा, की रंगाच्या वाहिन्यांवर जवळजवळ काहीच खर्च होत नाही. १० किंवा १६ बिटवरून ८ वर उतरताना डिदर (पट्टे टाळण्यासाठी मिसळलेली बारीक खरखर) वापरा. टिकलेला ग्रेन इथे कामी येतो, त्याच्यामुळे धुक्यात आणि आभाळात पट्टे पडत नाहीत.

डीव्हीडीही काढायची असेल तर २५ फ्रेमच्या पद्धतीत चित्रपट सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावतो. ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि आवाजाची पट्टी चढते. ती ध्वनीत दुरुस्त करून घ्या. सबटायटल काळ्या पट्टीत न टाकता चित्राच्या आतच, हलक्या करड्या रंगात ठेवा. शुभ्र अक्षरं अंधाऱ्या प्रसंगात डोळ्यांवर येतात.

तपासणी आणि साठवण

नमुना डिस्क दोन-तीन वेगवेगळ्या प्लेयरवर, मोठ्या पडद्यावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत बघा. ज्याने साफसफाई केली त्याच्याशिवाय आणखी कुणीतरी हवंच. साफसफाई करणाऱ्याचे डोळे सवयीने डाग ओलांडून जाऊ लागलेले असतात. टाइमकोडसह नोंदी करा: उरलेले डाग, गायब झालेली हालचाल, कटवरची उसळी, ओठ आणि आवाज यांचा मेळ, डिस्कचा थर बदलताना होणारा थांबा. काळोखातल्या प्रसंगांत चौकोनी ठोकळे दिसतात का ते खास पाहा.

साठवायच्या चार गोष्टी आहेत: हात न लावलेला कच्चा स्कॅन, साफ केलेला पण ग्रेड न केलेला मास्टर, ग्रेड केलेला मास्टर, आणि कोणता शॉट कोणत्या स्रोतातून आला व त्यावर काय केलं याची नोंदवही. डिस्कसोबतच्या पुस्तिकेत या नोंदवहीचा सारांश छापा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की अमुक प्रसंग प्रिंटवरून आला आहे म्हणून वेगळा दिसतो. डेटा एलटीओ टेपवर (संगणकाच्या साठवणीची चुंबकीय टेप) दोन प्रतींत, दोन वेगळ्या ठिकाणी. दर वर्षी चेकसम तपासा आणि टेपची पिढी जुनी होण्याआधी नव्या पिढीवर हलवा. मूळ रिळं स्कॅन झाली म्हणून निकाली काढू नका. ती नव्या, वायू कोंडून न ठेवणाऱ्या डब्यांत घालून थंड, कोरड्या साठवणीत परत पाठवा आणि डब्यावर स्कॅनची तारीख, आक्रसाचं माप आणि ए-डी स्ट्रिपची पातळी लिहून ठेवा. पुढचा माणूस याच फिल्मकडे अधिक चांगला स्कॅनर घेऊन येईल, तेव्हा त्याला सुरुवात याच तीन नोंदींपासून करावी लागेल.